वाचलेलं पिंपळपान

१९७४ चा मार्च. उत्तरा दाणीनं खासगी गुप्तहेर गिरिधर घाट्यांच्या टेबलावर लाकडी पेटी ठेवली. फुलं दाबून वाळवायची पेटी होती ती. आतली पळसाची फुलं भिजून काळी पडली होती.

"कोणी तरी पाणी ओतलं," ती म्हणाली. "परवा प्रदर्शन आहे. सासूबाईंनी बजावलंय, यंदा चित्र लागलं नाही तर हा नाद बंद. अन् मले तो सोडायचा नाही."

मग तिनं पिशवीतून कोऱ्या टिपकागदाची घडी काढली. आत पिंपळाचं जाळीदार पान, कोरडं आणि अखंड.

"हे शेजारच्या फळीवर होतं. मी तं पेटीच्या तळाशी ठेवलं होतं."

"चोराची नजर चुकली असंल," घाट्यांचे सहकारी रुपराव म्हणाले.

"नजर चुकली असती तर ते तळाशीच भिजलं असतं, रुपराव," घाटे म्हणाले.

पेटी प्रताप नगरात सिंधूताईंच्या घरी होती. फुलापानांच्या चित्रांचा वर्ग त्या चालवायच्या. काल संध्याकाळी उत्तरा माहेरी होती. पेटीपाशी तिघीच गेल्या होत्या.

पहिली तिची मोठी जाऊ प्रेमिला. पेटी आणायला गेली आणि जड आहे म्हणून रिकाम्या हातानं परतली.

"मी पोळ्या लाटू अन् तिनं पानं दाबावी? जळते मी, लपवू काहून?" ती म्हणाली. घाट्यांनी पान दाखवलं. "हे तं किड्यानं खाल्लेलं दिसते. उकिरड्यावर टाकलं असतं."

दुसरी वर्गातली सुहासिनी. तिचंही चित्र प्रदर्शनात होतं. पान पाहून तिनं ओठ आवळले.

"तिचं सगळं चित्र याच्यावरच उभं होतं. पळस काय, कोणीही वाळवतं."

शेवटी सिंधूताई, त्यांच्याच घरी. डोळे रडून सुजलेले. "माझ्या घरात असं व्हावं!" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. तेवढ्यात रुपरावांनी आपला ओला पेला टेबलावर ठेवला. पाणी वाळलेल्या झेंडूकडे पसरू लागलं. सिंधूताईंनी बोलता बोलताच झेंडू उचलला, कोऱ्या टिपकागदावर ठेवला आणि वर दुसरा कागद घातला. पेला मात्र तसाच राहिला.

मग घाट्यांनी तिघींना तिथेच एकत्र बोलावलं. उत्तराही पेटी घेऊन आली.

"पाणी ओतण्याआधी कोणीतरी तळातलं पान काढून ठेवलं," ते म्हणाले. "प्रेमिलाबाईंना ते पान केरासारखं दिसतं. त्यांनी ते वाचवलं नसतं. सुहासिनीबाईंना त्याची किंमत ठाऊक आहे. म्हणूनच त्यांनी ते आधी भिजवलं असतं. उरलं कोण? जिचा हात फूल ओलं होताना पाहूच शकत नाही. आत्ताच पाहिलं आपण."

रुपरावांनी झेंडूकडे पाहिलं, मग आपल्या पेल्याकडे.

सिंधूताईंनी नाकारलं नाही.

"तीस वर्षं मी नुसती जाळी उरावी म्हणून पिंपळाची पानं कुजवतेय," त्या म्हणाल्या. "दरवेळी कुठेतरी शीर तुटते. हिला तिसऱ्या वर्षी जमलं. आता वर्गात बाया मला सोडून हिलाच विचारतात. सहन होईना. सगळं भिजवायचं ठरवून पेटी उघडली, आणि पान हातात आलं."

"मग ते कायले वाचवलं, ताई?" उत्तरानं विचारलं.

"तुझ्यासाठी नाही. आभार मानू नकोस."

उत्तरानं डोळे पुसले, पेटीतला काळा चिखल केराच्या टोपलीत ओतला आणि पान उचललं.

तिसऱ्या दिवशी प्रदर्शनात काळ्या कागदावर ते एकटंच लागलं. सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि नाद सोडायचा विषय काढला नाही. प्रेमिला म्हणाली, "म्हणजे पोळ्या मीच लाटायच्या."

सिंधूताई दुपारी आल्या, गर्दी नसताना. चष्म्याची काडी धरून त्यांनी पानाची एकेक शीर तपासली, देठापासून टोकापर्यंत. एकही तुटलेली सापडली नाही. मग त्या घरी गेल्या.