क्रेनची खुर्ची

तो दुकानात शिरला तेव्हा त्याच्या डोक्यावर खुर्ची होती, आणि जरा वेळानं तो त्याच खुर्चीत गाढ झोपलेला होता. ओळख ना पाळख, "बसू का" नाही, काही नाही.

टाचणी तेव्हा एका स्टुलावर कापड ठोकत होती. टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सोफ्या-खुर्च्यांच्या गाद्या दुरुस्त करणाऱ्याचे दोन्ही हात कापड ताणण्यात अडकलेले असतात, म्हणून बारीक खिळे ओठांत धरायचे आणि जिभेनं एकेक पुढे सरकवायचा, अशी त्या कामाची रीत. ही रीत तिला बाबांनी शिकवली, आणि पोरीच्या ओठांत सदा काहीतरी टोकदार असतं म्हणून हे नावही त्यांनीच ठेवलं. खिळे नसले तरी बोलणं टोकदारच असायचं, पण ते जाऊ दे.

तर, तोंडात खिळे असल्यामुळे तिला त्याच्यावर ओरडता येईना. तिनं नुसतं पाहिलं. दारात मावणार नाहीत असे खांदे, खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी लोंबणारे हात, आणि तोंड... चक्क उघडं. तो घोरत होता. बाहेर काचेवर पावसाची बारीक भुरभुर लागली होती, आणि तिच्यात ते घोरणं असं काही मिसळलं होतं की टाचणीला हसूच आलं. ती हसली तसे तीन खिळे टणटण करत फरशीवर पडले आणि तो दचकून जागा झाला.

"माफ करा," तो धडपडत उठला. "मिनिटभर टेकलो होतो."

टाचणीनं उरलेले खिळे तळहातावर काढले. "तुमचं मिनिट फारच ऐसपैस असतं हो. मधे आम्ही दुकान बंद करून जेवून आलो."

त्याला ते खरं वाटलं. तो कानापर्यंत लाल झाला. मग त्यानं तिचे डोळे पाहिले — आणि हळूच हसला. एवढ्या मोठ्या माणसाचं एवढंसं हसू. टाचणीनं घाईघाईनं खिळे पुन्हा ओठांत घातले, कारण दुसरं काय करावं ते तिला सुचेना.

तो घरसामान हलवणाऱ्यांच्या टोळीत काम करायचा. एकेकाळी आख्खं कपाट पाठीवर घेऊन जिने चढायचा, म्हणून सगळे त्याला क्रेन म्हणत. हल्ली मात्र तो नुसती गाडी चालवत होता. ती खुर्ची घर बदलणाऱ्या कुणीतरी टाकून दिलेली. हाडं धडधाकट, पोट फाटलेलं. ती त्याला स्वतःसाठी हवी होती. "आजकाल मला बसायला फार लागतं," तो म्हणाला, आणि त्यात काहीतरी होतं, जे टाचणीनं विचारलं नाही.

एवढ्यात आतून बाबा आले. त्यांनी आधी खुर्चीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, आणि त्यांचे डोळे लकाकले. कारण त्यांची एक अडचण होती. खुर्चीत नवा भराव घातला की वरचं कापड लगेच ठोकत नाहीत. आधी कुणीतरी भारदस्त माणसानं काही दिवस रोज त्यावर बसून भराव दाबून घ्यायचा. याला बाबा 'बसवणी' म्हणत. नाहीतर गिऱ्हाइकाच्या घरी गेल्यावर पाहुण्यांसकट गादी खड्ड्यात. इतकी वर्षं बसवणी बाबाच करायचे, पण डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला लावून पोटच गायब केलं होतं. आणि टाचणी बसली काय, माशी बसली काय, भरावाला पत्ता लागत नसे.

म्हणून ठरलं असं : क्रेननं दुपारी मोकळ्या वेळात यायचं, हव्या त्या सोफ्यावर बसायचं, आणि बदल्यात त्याची खुर्ची फुकट दुरुस्त.

"म्हणजे झोपायची नोकरी?" त्यानं विचारलं.

"घोरण्याचे वेगळे मिळणार नाहीत," टाचणी म्हणाली.

तो येऊ लागला. कधी बोलायचा, कधी छताकडे बघत राहायचा, कधी वाक्याच्या मधेच झोपून जायचा. एकदा काम चालू असताना त्यानं आपणहून सगळं सांगितलं. पंचविशीत सारखा थकवा येतो म्हणून तो एका दवाखान्यात गेला होता. तेव्हा दिवसा एक काम, रात्री दुसरं, झोप नावापुरती. तिथं रक्त तपासलं, त्यात टेस्टोस्टेरॉन — पुरुषाच्या शरीरात आपोआप बनणारं हार्मोन — जरा कमी निघालं, आणि इंजेक्शनं सुरू झाली. तू झोपतोस किती, हे कुणी विचारलंच नाही. मग वर्षांमागून वर्षं सुया. अंग दगडासारखं झालं, नाव क्रेन पडलं. अलीकडे एका नव्या डॉक्टर बाईंनी जुने कागद चाळून विचारलं, की बाबा रे, तुला मुळात याची गरज होती का?

बाहेरून आयता माल येतोय म्हटल्यावर आतला कारखाना बंद पडतो, असं बाईंनी समजावलं होतं. तो पुन्हा सुरू होतो का ते पाहायचं तर बाहेरचा माल थांबवायला हवा. पण मनानं नाही, त्यांच्या देखरेखीखाली. शरीराला कमी पडतंय हे कळलं तरच ते बनवायला घेतं. महिने लागतील. थकवा येईल, उदास वाटेल. आणि कदाचित कारखाना पुरता सुरू होणारही नाही. मधेच इंजेक्शन घेतलंस तर मात्र पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. त्यानं नुकतीच इंजेक्शनं थांबवली होती.

"मला एकदा बघायचंय," तो छताला म्हणाला, "की मी माझा स्वतःचा किती आहे."

टाचणीच्या तोंडात खिळे होते, त्यामुळे तिला लगेच काही बोलता आलं नाही, आणि ते बरंच झालं. तिनं उठून खणातली एक जुनी स्प्रिंग काढली. एका अवजड सोफ्याखाली वर्षानुवर्षं दबलेली, पार भाकरीसारखी चपटी. ती तिनं खिडकीत ठेवली.

"वजन काढलं म्हणून ही आजच्या आज उठत नाही," खिळे काढून ती म्हणाली. "आणि सारखं बघत बसलं तर मुळीच नाही."

"उठलीच नाही तर?"

"तर दुसरी आधाराला घालायची. त्यात हिचा काय गुन्हा?"

तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मग झोपला. पण त्या दिवशी घोरला नाही, आणि टाचणीला उगीचच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

असे दिवस जात राहिले. वाईट दिवशी तो चिडचिडा व्हायचा. मग टाचणी त्याला गुंतलेली सुतळी सोडवायला द्यायची, म्हणजे चिडायला काही कारण तरी मिळे. चांगल्या दिवशी तो तिला चिडवायचा, की तुम्ही गप्प असता तेव्हा फार छान दिसता, आणि दुर्दैवानं तुमच्या कामात तोंड बंदच ठेवावं लागतं — मग मी काय करू? ती खिळ्यांमागून डोळे वटारायची. त्याची पँट सैल होऊ लागली तेव्हा तिनंच चामडं टोचायची आरी घेऊन त्याच्या पट्ट्याला नवं भोक पाडून दिलं. काही आठवड्यांनी आणखी एक. पट्टा परत देताना बोटांना बोटं लागली. दोघांनीही "अं... हो... बरं" असलं काहीतरी अर्थहीन म्हटलं. आतल्या खोलीतून बाबा उगाच खोकले.

आणि त्याची ती खुर्ची? ती काही पुरी होत नव्हती. कधी म्हणे धाग्याचा रंग जुळत नाही, कधी म्हणे भराव हवा तसा नाही. पुरी झाली की तो ती उचलून नेणार, हे टाचणीला पक्कं ठाऊक होतं.

मग एक दिवस सोफा परत आला. निवृत्त मुख्याध्यापिका बाईंचा, दोन माणसांचा, क्रेननं बसवलेला. बाई जरा भरभक्कम होत्या, आणि सोफ्याबरोबर स्वतः आल्या होत्या. शांतपणे म्हणाल्या, "मी यात बसले की बाहेर यायला शेजाऱ्यांना हाक मारावी लागते."

बाबांनी स्प्रिंगा पाहिल्या, ठीक. त्यांच्या खालच्या पट्ट्या पाहिल्या, ठीक. शेवटी त्यांनी मूठ भरावात दाबली, तर हात कोपरापर्यंत आत गेला. भराव बसलाच नव्हता. त्यांनी क्रेनकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. "तू वजन केलंस का रे अलीकडे?"

तो भुसारमालाच्या दुकानातल्या काट्यावर उभा राहून आला. आठ-दहा किलो गेले होते. रोज दिसणारा माणूस कमी होतोय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आणि टाचणीनं तर स्वतःच्या हातानं, हसत हसत, पट्ट्याला दोन भोकं पाडली होती.

चूक आमची आहे, असं बाबांनी बाईंना सांगितलं. क्रेन तसाच दारातून बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. रिकाम्या दुकानात पावसाचा आवाज नुसता पावसाचाच आवाज होता.

आला तो आठवडा सरत आल्यावर. दारातच उभा. "काका, माझी खुर्ची असेल तशी द्या. मी निघतो."

बाबांना अचानक सुतळी संपल्याचं आठवलं. ते छत्री विसरून गेले.

टाचणी मुख्याध्यापिका बाईंचा सोफा उसवून नवा भराव घालत होती. खिळे ओठांत. तो सोफ्याशी बोलल्यासारखा बोलू लागला.

"घरी कपाटात इंजेक्शनची एक बाटली उरलीय. अजून टाकून दिली नाही. एकदा सुई टोचली की पुन्हा सुरू. थोड्या दिवसांत मी पूर्वीसारखा. कपाटं उचलीन. सोफे बसवीन. तुमचं नाव खराब होणार नाही."

टाचणीचा हात भरावातच थांबला.

"डॉक्टर बाई रागावतील. पण त्यांना क्रेन नकोय. तुम्हांला... तुला हवाय."

टाचणीनं ओठांतले खिळे एकेक करून काढले. पहिला. दुसरा. इतक्या सावकाश तिनं आयुष्यात कधी खिळे काढले नव्हते. ते सगळे मुठीत धरून ती म्हणाली,

"मी क्रेनला कधी पाहिलंच नाही."

"म्हणजे?"

"तू आलास आणि झोपलास. तोंड उघडं टाकून, घोरत. मला माहीत असलेला माणूस तो. मला आवडला तोही तोच." ती थांबली. कान तापले होते, पण आता थांबून उपयोग नव्हता. "तू दुसऱ्या कुणाला आणून इथं बसवलंस, तर माझी त्याच्याशी ओळख नाही."

तो खिडकीतल्या स्प्रिंगेकडे बघत हळूच म्हणाला, "आणि कारखाना सुरूच झाला नाही तर?"

"तर डॉक्टर बाई म्हणतील ते घे. गरज म्हणून घे. पण माझ्यासाठी म्हणून नको घेऊस."

"आणि... हा सोफा कोण बसवणार? मी पुरत नाही आता."

टाचणी सोफ्याच्या एका टोकाला बसली. भराव जरासुद्धा दबला नाही. तिनं शेजारची जागा थोपटली. "दोघांचं मिळून भरेल."

तो बसला. भराव सावकाश, सुस्कारा सोडल्यासारखा खाली गेला, आणि ती घसरत घसरत त्याच्या खांद्याला टेकली. दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत राहिले, जणू तिथं काही लिहिलेलं होतं. हळूहळू त्याचं डोकं तिच्या डोक्यावर कलंडलं... आणि घोरणं सुरू झालं. टाचणी हसली, मूठ सैल झाली, खिळे टणटण करत फरशीवर सांडले. या वेळी तो जागा झाला नाही. बाबा भिजून परत आले, दारातून बघितलं, आणि पुन्हा सुतळी आणायला गेले.

ती बाटली त्यानं दुसऱ्याच दिवशी डॉक्टर बाईंच्या हवाली केली. पुढच्या तपासणीत हार्मोनचा आकडा थोडासा वर आला. अजून कमीच आहे, बाई म्हणाल्या, घाई करू नकोस, पण आहे तो सगळा तुझा. हे त्यानं टाचणीला त्याच सोफ्यावर बसून सांगितलं, आणि तो सोफा इतका पक्का बसला की मुख्याध्यापिका बाईंनी विचारलं, या वेळी कुणाला बसवलं होतं? बाबा म्हणाले, आमच्याकडे आता जोडीनं बसतात.

खुर्चीचं कापड मात्र अजून ठोकलेलं नाही. टाचणी म्हणते, भराव नीट बसायचाय.