सूचकाचं नाव

शहर सुशोभीकरण समितीची बैठक दर मंगळवारी अकराला भरायची आणि साडेअकराला सुरू व्हायची. मधला अर्धा तास चहा, खुर्च्यांची ओढाओढ आणि पंखा कुणाच्या डोक्यावर हवा या वादात जायचा. नगरपालिकेच्या दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली, मधोमध मोठं टेबल आणि टेबलाच्या टोकाला इतिवृत्ताची जाडजूड वही उघडून बसलेली लिपिक ताई. चौकातल्या बाकांना हिरवा रंग द्यायचा की तपकिरी, हे ठरवायला या मंडळींनी आठ महिने घेतले होते. तोवर बाकंच गंजून मोडली आणि प्रश्न आपोआप सुटला.

वहीत प्रत्येक ठरावाला चार रकाने होते. विषय, दुरुस्ती, सूचक आणि निर्णय. सूचक म्हणजे ज्याने ती दुरुस्ती सुचवली तो. सूचकाच्या रकान्यात नाव नसेल तर ठराव रद्द. एकदा लिहिलेलं नाव बदलायचं तर त्यालाही नियम होता: जुन्या नावावर लाल शाईने, पट्टी लावून एक सरळ रेघ, शेजारी लिपिकाची छोटी सही आणि सहीपुढे तारीख. या तीन गोष्टी झाल्याशिवाय बदल पूर्ण झाला असं धरत नसत. ताईने हे नियम एकवीस वर्षं पाळले होते आणि नव्या लिपिकांना ती ते अगदी पाढ्यासारखे म्हणून दाखवायची.

पण एका ठिकाणी ती हातचलाखी करायची. बैठकीत सगळे एकदम बोलत. "हो हो, तेच करा" असा गलका व्हायचा आणि नेमकं कोण बोललं ते कुणालाच सांगता यायचं नाही. अशा वेळी ताई सूचकाच्या रकान्यात बाबांचं नाव टाकायची.

बाबा म्हणजे तिचे वडील, निवृत्त मोजणीदार. ज्येष्ठ नागरिकांचे प्रतिनिधी म्हणून ते समितीवर होते आणि बैठक सुरू झाल्यापासून संपेपर्यंत हनुवटी छातीला टेकवून शांत झोपत. आई गेल्यापासून घरात ते दिवसदिवस बनियनवर बसून असायचे. मंगळवार उजाडला की मात्र स्वतः शर्टाला इस्त्री करत, बुटांना पॉलिश करत. वर्षभरात ज्याच्या नावावर एकही सूचना नाही, त्याला समितीतून वगळत. म्हणून कचऱ्याच्या डब्यांची झाकणं बाबांनी सुचवली होती, रस्त्यांच्या पाट्या बाबांनी, बागेचं फाटकही बाबांनीच. हळूहळू त्यांनाही ते खरं वाटायला लागलं होतं. "झाकणं मीच सुचवली ना गं?" ते विचारायचे. "तुम्हीच की!" ती म्हणायची. यात कुणाचं काय बिघडत होतं?

त्या वर्षी चौकात पुतळा उभारायचा विषय आला. प्रस्ताव मागवले. शिल्पकाराचं नाव बंद पाकिटात ठेवायचं आणि अंतिम मंजुरीनंतरच ते फोडायचं, म्हणजे वशिलेबाजीला जागा नको. तीन प्रस्ताव आले. एक कारंज्यातला मासा, एक घड्याळाचा मनोरा आणि तिसरा नुसता 'नागरिक'. गावात पाण्याची बोंब, त्यामुळे मासा गेला. आधीचंच घड्याळ अकरा वर्षं बंद, त्यामुळे मनोरा गेला. राहिला नागरिक.

त्याचा मातीचा पूर्णाकृती नमुना एका लाकडी खोक्यातून आला. कुणी आणला ते विचारायचं कुणाला सुचलं नाही. बैठकीच्या खोलीतच, खिडकीपाशी तो उभा केला. बाई की पुरुष, तरुण की म्हातारा, काही ठरवता येत नव्हतं. डावा हात वर, पंजा पुढे, तोंड उघडं. आत येणाऱ्याकडे तो थेट बघायचा. माती सुकू नये म्हणून शिपाई सकाळ-संध्याकाळ त्यावर ओलं कापड टाकायचा आणि त्याचे थेंब दिवसभर फरशीवर पडत राहायचे.

"हात कशाला वर केलाय?" पहिल्याच बैठकीत छापखानेवाले काका म्हणाले. "सिग्नल झाकला जाईल. मनगटापासून उडवून टाका."

"आणि मग तो थोटा दिसेल त्याचं काय?" मुख्याध्यापिका बाई हसल्या.

"शिल्पकार बघेल की. आपलं काम सुचवायचं."

अध्यक्षांनी मान हलवली. ताईने लिहिलं: दुरुस्ती, डावा हात मनगटापासून काढणे. सूचक, छापखानेवाले काका. बाबा घोरत होते.

शुक्रवारी दुपारी काकांचा डावा हात कागद कापायच्या मशीनखाली गेला. मशीन बंद होतं, बटणही बंद होतं, असं त्यांचा पुतण्या शपथेवर सांगत होता. पातं खाली आलं आणि पंजा कागदांच्या गठ्ठ्यावर तसाच राहिला, बोटं अजून हलत होती. रक्त गठ्ठ्याच्या चाळिसाव्या पानापर्यंत मुरलं होतं. काकांनी किंकाळीही फोडली नाही. ते नुसते मनगटाकडे बघत उभे राहिले, आणि मग कोसळले.

पुढच्या बैठकीला काकांची खुर्ची रिकामी होती. शिपायाने नमुन्यावरचं कापड काढलं. मातीचा डावा पंजा नव्हता. साबण तारेने कापावा तसं मनगट सपाट कापलेलं होतं. पायाशी एक चिठ्ठी होती: 'दुरुस्ती केली.'

"शिल्पकार येऊन गेला वाटतं," अध्यक्ष घसा खाकरत म्हणाले.

"कोणी आलं नाही, साहेब," शिपाई म्हणाला. "किल्ली माझ्याच कमरेला असते. मी फक्त पाणी मारतो." मग ताईजवळ येऊन तो हळूच म्हणाला, "ताई, एक सांगू? कापड काढताना आतून ऊब येते हो. तापलेल्या माणसासारखी."

योगायोग, असं सगळ्यांनी ठरवलं. ठरवण्यात ही समिती पहिल्यांदाच इतकी झटपट निघाली. बाईंनी विषय बदलला. "ते उघडं तोंड मिटवायला सांगा बाई. शाळेची पोरं घाबरतील." ताईने बाईंचं नाव लिहिलं.

अध्यक्ष खिडकीपाशी उभे होते. "हा चौकात उभा राहिला की थेट माझ्या खोलीकडे बघत राहणार," ते म्हणाले. "चौथरा तयार झालाय, पाय आता हलवता यायचे नाहीत. तर असं करा, धड राहू दे असंच, फक्त तोंड मागे बाजाराकडे फिरवा. माझं नाव नको हं घालू. समितीची सूचना म्हणून लिही."

"हो हो, फिरवा," बाई घाईने म्हणाल्या. बाबांची हनुवटी छातीवर होती.

समितीची सूचना असा रकाना नव्हता. ताईचा हात सवयीने चालला. सूचक: बाबा.

शनिवारी शाळा भरताना बाई जिन्यावरून पडल्या. सगळ्या शाळेदेखत. हनुवटी दगडी पायरीवर आपटली, जबडा दोन जागी फुटला. जिभेचा शेंडा पायरीवर सापडला. रविवारी ताई दवाखान्यात गेली तेव्हा बाईंचे दात तारांनी एकमेकांना जखडलेले होते आणि तोंडाच्या कोपऱ्यातून लालसर लाळ गळत होती. बाईंनी वही मागितली आणि वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं: 'मी घसरले नाही. कुणीतरी खालून माझं तोंड दाबून बंद केलं.' पेन्सिलचं टोक कागदातून आरपार गेलं.

सोमवारी सकाळी बाबा चहा घेताना मान चोळत होते. "उशी चुकली असेल," ते म्हणाले. ताईने होकार दिला, पण चहा तसाच ठेवून ती ऑफिसला निघाली.

ऑफिसात पोचताच तिने शिपायाकडून किल्ली घेतली आणि स्वतः कापड ओढलं. मातीचं तोंड मिटलं होतं. ओठांवर खालून वर दाबलेल्या अंगठ्याचा खोल ठसा होता. आणि मानेला पीळ पडायला सुरुवात झाली होती. ओलं कापड पिळताना पडतात तशा तिरक्या वळ्या, कानापासून खांद्यापर्यंत. त्या वळ्यांमधून पाणी झिरपत होतं. चिठ्ठी अजून नव्हती.

वही उघडायची गरज नव्हती. तरी तिने उघडली. सूचकाच्या रकान्यात तिच्याच वळणदार अक्षरात बाबांचं नाव होतं.

ती धावत अध्यक्षांच्या खोलीत गेली. "साहेब, आत्ताच्या आत्ता बैठक बोलवा. तो ठराव रद्द करा."

"कोणता?"

"तोंड फिरवायचा. तुम्ही सांगितला होता तो."

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना सगळं समजलेलं होतं. "मी काही सांगितल्याचं मला आठवत नाही," ते म्हणाले. "वहीत कुणाचं नाव आहे?"

"बाबांचं. पण ते तर झोपले होते हो! मी घातलं नाव. माझी चूक झाली."

"मग झालं तर." ते खिडकीकडे वळले. "वयही झालंय त्यांचं."

ताईला आयुष्यात कधी कुणाचा इतका संताप आला नव्हता. टेबलावरचं पेपरवेट उचलून त्यांच्या डोक्यात घालावं असं तिला वाटलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"अगं," बाबांचा आवाज बारीक, लहान मुलासारखा आला. "मान फिरतेय गं. मी नाही फिरवत. आपोआप फिरतेय."

"बाबा, धरून ठेवा! दोन्ही हातांनी धरा!"

"धरलीये गं. ऐकत नाही."

फोन कानाला लावूनच ती बैठकीच्या खोलीकडे पळाली. मागून अध्यक्षांची पावलं येत होती. फोनमधून कटकट आवाज येत होता, बोटं मोडल्यासारखा, पण जाड. आणि बाबांचं कण्हणं. घरी पोचायला वीस मिनिटं लागणार होती. वही चार पावलांवर होती.

स्वतःचं नाव घालावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण लिपिकाला सूचना करायचा अधिकार नव्हता. निदान तिने स्वतःला तसं सांगितलं.

तिने पट्टी लावली. लाल पेनने बाबांच्या नावावर सरळ रेघ मारली. वर लिहिलं, अध्यक्ष. शेजारी छोटी सही केली. तारखेपाशी पेन अडलं. आजची घातली तर मंजुरीनंतर फेरफार केला हे उघड होणार. मागची घातली तर खोटं. तिने जागा तशीच सोडली.

फोनमध्ये कटकट थांबली. "सुटली गं," बाबा हुंदका देत म्हणाले. "सुटली."

"काय लिहिलंस?" अध्यक्ष दारात उभे होते. "दाखव ती वही."

त्यांनी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले.

त्यांची मान उजवीकडे वळली. कुणी हाक मारल्यासारखी.

मग आणखी वळली.

दोन्ही हातांनी त्यांनी डोकं धरलं. बोटं गालांत रुतली, नखांखालून रक्त आलं. चष्मा एका कानाला लटकला. "खोड ते," ते घशातून म्हणाले. "खोड."

ताईच्या हातात पेन होतं. ती हलली नाही.

गळ्याची कातडी ताणली, पांढरी झाली, फाटली. ओल्या लाकडासारखा लांब आवाज आला. रक्ताची चिळकांडी टेबलभर उडाली.

बुटांची टोकं तिच्याकडेच होती. शर्टाची बटणं तिच्याकडे होती. वर मात्र केस होते.

तसेच ते क्षणभर उभे राहिले.

खिडकीपाशी मातीचा नागरिक बाजाराकडे बघत होता. पायाशी चिठ्ठी होती.

अध्यक्ष नमुन्यावरचं कापड काढायला टेबलावर चढले आणि पडले, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं. ताईनेच तसं सांगितलं, शिपायाने मान डोलावली. वही कपाटात गेली, बंद पाकीट तिच्याखाली ठेवलं गेलं. आवराआवरीत संध्याकाळ झाली.

घरी बाबा खुर्चीत बसले होते, जिवंत, समोर बघत. ताई त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून मोठ्याने रडली. केलं त्याचा तिला पश्चात्ताप नव्हता. तेही तिने मनात कबूल केलं.

"वेडी कुठली," बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाले. "उद्या मंगळवार ना? शर्टाला इस्त्री करायची राहिली. आणि हे बघ जरा, कॉलरपाशी दुपारपासून काहीतरी टोचतंय."

तिने डोळे पुसले आणि त्यांची कॉलर खाली केली.

गळ्यावर, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, पट्टीने आखावी तशी एक लाल, सरळ रेघ होती. रेघेच्या टोकाला, कानाखाली, तिची छोटी सही. सहीपुढे तारखेपुरती जागा कोरी होती.