काळा चिंचोका

मोरवणे गावात मनाने आजारी असा एकही माणूस नाही, अशी सरकारी नोंद होती. अकरा महिने झाले, दर गुरुवारी तोच आकडा लागत होता: शून्य. बारा वर्षांच्या केशर शेलारला हे कोडं काही केल्या सुटेना, कारण तसा एक माणूस तिच्या घरातच होता.

मोरवणे धरणाच्या पाण्यापलीकडे. रस्ता नाही, म्हणून दवाखानाच पाण्यावरून यायचा. उन्हावर चालणारी, चालकाविना धावणारी ती बोट होती आणि तिच्यात शुश्रू नावाचा यंत्रमानव होता. ताप, खोकला, रक्तदाब, सगळं तो फुकट तपासायचा. आतल्या केबिनमध्ये मानसोपचारतज्ज्ञ (मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर) मृणाल केळशीकर बसायच्या. त्यांच्यासमोरची खुर्ची मात्र कायम रिकामी.

केशरचे बाबा हैबती पूर्वी गावची लाँच चालवायचे. दोन वर्षांपूर्वी वादळात ती उलटली. माणसं सगळी वाचली, पण बाबांची झोप उडाली ती उडालीच. वारा सुटला की त्यांच्या छातीत धडधडायचं, तळहातांना घाम फुटायचा. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "बरं हाय की."

त्या गुरुवारी शुश्रूने केशरला वाईट बातमी दिली. पुढच्या महिन्यापासून डॉक्टरबाई दुसऱ्या गावी जाणार होत्या. निदान बारा माणसांना गरज असेल तरच डॉक्टर ठेवायचा, असा नियम होता.

"आमच्या घरातच एक आहे," केशर म्हणाली.

"मग ते खुर्चीपर्यंत का येत नाहीत?" शुश्रूने विचारलं. तो टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं.

केशरने घाटाकडे पाहिलं आणि उत्तर तिला तिथेच सापडलं. गंगूआत्याचा एक गुडघा दुखत होता आणि त्या गुडघ्यासोबत पाच बायका आल्या होत्या. मोरवण्यात आजाऱ्याला एकटं पाठवत नाहीत. डोलीत घालून डोंगर उतरवायचे, तेव्हापासूनची ही रीत. रीत मायेचीच, पण पाच जणींनी केबिन भरलेली असताना "मला भीती वाटते" असं कोण बोलणार?

शुश्रूचे डोळे दोनदा लुकलुकले. तो म्हणाला, की संभाव्यता (एखादी गोष्ट घडण्याची शक्यता किती, ते मोजणारं गणित) इथे उपयोगी पडेल. कोण आजारी आहे हे न कळताही किती जण आजारी आहेत ते मोजता येतं. त्यासाठी प्रत्येकाने नाणं उडवायचं.

नाणी तर गावातून केव्हाच गेली होती, सगळा व्यवहार फोनवर. पण केशर अशी हार मानणारी नव्हती. तिने घरून दोन सारखे चिंचोके आणले. एक काळाच ठेवला, दुसऱ्याला चुना फासला आणि दोन्ही पिशवीत टाकले.

मग आठवडाभर ती दारोदार फिरली. प्रश्न एकच होता: "गेल्या महिन्यात बरेच दिवस झोप न लागणं, धास्ती वाटणं, कशात मन न रमणं, असं झालं का?" पिशवीतून न बघता चिंचोका काढायचा आणि आपला आपणच पाहायचा. पांढरा निघाला तर काहीही असो, "हो" म्हणायचं. काळा निघाला तर खरं सांगायचं. चिंचोका कुणाला दाखवायचा नाही, म्हणजे "हो" मनातला की चिंचोक्यामुळे, हे कुणालाच कळणार नाही.

लोकांनी तिची भरपूर थट्टा केली. सरपंचांनी तीनदा परत पाठवलं, ती चौथ्यांदा गेली. बाबांपुढे मात्र तिने पिशवी सगळ्यात शेवटी धरली. त्यांनी चिंचोका काढून मुठीतच पाहिला, परत टाकला आणि पाण्याकडे बघत म्हणाले, "हो." केशरने रेघ ओढली.

एकशेवीस माणसं, अठ्ठ्याहत्तर "हो".

"आता बघ," शुश्रू म्हणाला. "साधारण निम्म्यांना, म्हणजे साठ जणांना, पांढरा मिळाला असेल. त्यांचे साठ 'हो' वजा कर."

"अठरा उरले."

"हे अठरा काळा मिळालेल्या साठ जणांतले आणि खरे. उरलेल्या साठ जणांतही तितकेच असणार. मग गावात मिळून?"

"छत्तीस." केशरने पुन्हा एकदा हिशेब करून पाहिला. एवढी माणसं रोज "बरं हाय" म्हणत होती.

हा अंदाज आहे, त्यात दहा-बारा इकडे-तिकडे होऊ शकतात, असं शुश्रूने बजावलं. बारा कमी केले तरी चोवीस उरत होते. डॉक्टरबाईंनी आकडे त्याच दिवशी वर पाठवले आणि त्यांची खुर्ची राहिली. एवढ्यावर केशर थांबली नाही. तिने घरोघरी जाऊन सांगितलं, की सोबत जरूर द्या, पण बोटीच्या फळीपर्यंतच, आणि आतलं काही विचारू नका. शुश्रूने पलीकडच्या गावासाठी तिच्याकडे पिशवी मागितली. तिने पांढऱ्या चिंचोक्याला ताजा चुना फासून ती दिली.

पुढच्या गुरुवारी वारा सुटला होता. बाबांनी धुतलेला सदरा घातला आणि म्हणाले, "चल, सोबतीला ये."

फळीपाशी ते थबकले. त्यांचा तळहात ओला होता.

"केशर, माझा काळा आला होता."

तिला हे आजवर कळलं नव्हतं. कळू नये, म्हणून तर ती युक्ती होती. आता ते त्यांनी स्वतःहून सांगितलं होतं. केशरला रडू आलं आणि अभिमानही वाटला. तिने त्यांचा हात घट्ट दाबला आणि मग सोडला.

बाबा आत गेले. दार लागलं. गंगूआत्या केशरच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने काही विचारलं नाही. बोटीकडे पाठ केली आणि म्हणाली, "जाऊ दे किती बी वेळ. आपन हितंच हाय."