वजनापुरते दगड

चैत्राली नागपूरच्या एका दैनिकात नऊ वर्षं उपसंपादक होती. लग्नानंतर मिलिंदच्या नोकरीमुळे बेसिंगस्टोकला आली आणि तिथे तिला भलतंच काम मिळालं. सतराव्या शतकात ज्यांचे पूर्वज इंग्लंड सोडून अमेरिकेत वसले, अशा अमेरिकन लोकांसाठी चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचायच्या. तिला ते जमायचं. नाव, गाव, तारीख. पुरावा नसेल तिथे सरळ 'माहीत नाही' लिहायचं.

२००८च्या फेब्रुवारीत तिच्याकडे टोबायस हेल्यर होता. हा शेतकरी १६३४ साली जवळच्याच एका खेड्यातून मॅसॅच्युसेट्सला गेला. बायकोला, एग्नेसला, मागे ठेवून गेला आणि तिकडे दुसरं लग्न केलं. त्या दुसऱ्या घरच्या वंशज, मिसेस हेल्यर नावाच्या निवृत्त शिक्षिका, चैत्रालीला दर दोन दिवसांनी ईमेल करत. पहिल्या बायकोचं काय झालं, एवढंच त्यांना हवं होतं.

"आता त्याच्या नावाने पान वाढायचं तेवढं राहिलंय," मिलिंद म्हणायचा.

त्याने हे त्या आठवड्यात म्हणायला नको होतं. शनिवारी नागपुरात खरोखरच एकाचे विधी व्हायचे होते.

चैत्रालीचा धाकटा भाऊ यशोधन १९९६ साली न्यू जर्सीला नोकरीसाठी गेला. कॉलेजात असताना लुनावरून पडून त्याची डावी मांडी मोडली होती. आत स्टीलची पट्टी आणि सहा स्क्रू होते. "विमानतळावर मी आधी वाजणार, मग विमान उडणार," असं सांगत तो निघाला. दोन महिने पत्रं आली. मग काहीच नाही. कंपनीला माहीत नव्हतं, पोलिसांना माहीत नव्हतं.

बारा वर्षं झाली तेव्हा गुरुजींनी पालाशविधी सुचवला. पळसाच्या पानांचा माणसाएवढा पुतळा करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि बेपत्ता माणसाच्या नावाने त्याला अग्नी द्यायचा. आईचं हृदय आता थकलं होतं. मी जायच्या आत त्याला वाट करून द्यायची आहे, पण तू नको म्हणालीस तर नाही करणार, असं तिने फोनवर सांगितलं होतं. चैत्राली 'कर' म्हणाली.

एक गोष्ट मात्र तिने आईला कधी सांगितली नव्हती. दर भाऊबीजेला तिला एक फोन यायचा. पलीकडे नुसती खरखर. नागपुरात यायचा, मग बेसिंगस्टोकला यायला लागला, नवा नंबर कुणाला द्यायच्या आधीच. पण खरखर म्हणजे काही पुरावा नव्हे.

शुक्रवारी दुपारी विंचेस्टरच्या रेकॉर्ड ऑफिसात तिला हेल्यर सापडला. दफनांच्या वहीत. बारा फेब्रुवारी १६४६. खाली पाद्रीबुवांनी बारीक अक्षरात लिहिलं होतं: समुद्रापार गेला, बारा वर्षांत निरोप नाही, पत्नी एग्नेस हिच्या विनंतीवरून रिकामी पेटी पुरली, वजनापुरते शेतातले खडूचे दगड आत घातले. समासात वेगळ्या शाईने आणखी एक ओळ होती. घरून पेटी चौघांनी आणली. चर्चपासून कबरीपर्यंत आठ लागले.

तिने नोंद उतरवून घेतली, पेन्सिल खाली ठेवली आणि पाच वाजताची ट्रेन पकडली. घरी येऊन ती नोंद मिसेस हेल्यरना पाठवून दिली.

शनिवारी सकाळी साडेसातला तिने चहा ठेवला आणि त्यांचं उत्तर उघडलं. टोबायस अंगणात लाकडं फोडताना कोसळला, आदल्या दिवशी ठणठणीत होता, असं त्यांच्या घराण्याच्या छापील पुस्तकात होतं. पण तुमची तारीख एक वर्ष आधीची दिसते, आमच्याकडे १२ फेब्रुवारी १६४७ आहे.

चैत्रालीने हिशेब केला. इंग्लंडचं वर्ष तेव्हा पंचवीस मार्चला बदलायचं, जवळजवळ आपल्या पाडव्याला. त्याआधीचा फेब्रुवारी जुन्या वहीत १६४६ आणि आजच्या पद्धतीने १६४७. फरक नव्हताच. दिवस एकच होता.

ईमेलच्या शेवटी एक फोटो होता. १९११ साली रस्त्यासाठी टोबायसची तिकडची कबर हलवली तेव्हा पेटीत माणूस नव्हता. पांढरे दगड होते. असला दगड आमच्या भागात मिळत नाही, मिसेस हेल्यरनी लिहिलं होतं. एक त्यांनी कपाटात जपून ठेवला होता. फोटोत तो त्यांच्या तळहातावर होता. खडूचा.

नागपुरात एक वाजला होता. अग्नी द्यायची वेळ तीच होती.

तिने आईला फोन लावला. वाजत राहिला. श्रीकांतकाका, वडिलांचे धाकटे भाऊ, विधीला बसणार होते. त्यांचा मोबाईल बंद. पुन्हा आईला. पुन्हा काकांना. चहा उतू जाऊन गॅस विझला.

रिसीव्हर ठेवला तोच फोन वाजला.

खरखर. भाऊबीजेला नऊ महिने होते.

"यशू?" बारा वर्षांत ती पहिल्यांदाच बोलली. "यशू, कुठे आहेस?"

खरखर थांबली.

"ताई, येतो."

फोन बंद झाला. घरातून निघताना तो हेच म्हणायचा. तरीही दुपारपर्यंत ती खिडकीपाशी उभी राहून रस्त्याकडे बघत होती.

सव्वाबाराला काकांचा फोन आला. नदीवरूनच बोलत होते, आवाज बसला होता.

"आत्ता कुठे आटोपतंय. लाकडं कमी पडली गं. पानांचा पुतळा, अर्ध्या तासात होईल म्हणाले होते गुरुजी. दोनदा वखारीत माणूस पाठवला."

"आई?"

"गाडीत बसवलीय. वास सहन होईना तिला."

चैत्रालीने ओटा घट्ट धरला.

"काका, राखेत काही सापडलं?"



"तुला कोणी सांगितलं? एक लोखंडी पट्टी आहे. लाकडातून आली असेल."

"स्क्रू किती आहेत?"

"आं?"

"मोजा, काका."

ताटलीत काहीतरी एकेक करून पडल्याचा आवाज आला.

"पाच," काका म्हणाले. मग राख उकरल्याचा आवाज. "थांब. सहा. हा अजून गरम आहे."