रिकाम्या बाह्या

दरबारात कवितांची स्पर्धा असली की राणीसाहेबांच्या सेवेतल्या आम्हा बायकांना पडद्याआड ओळीने बसावं लागे. चेहरा दाखवायचा नाही, पडद्याखालून झग्याच्या रंगीत बाह्या तेवढ्या बाहेर सोडायच्या. एखादी कमी पडलीच तर तिच्या जागी नुसते झगे मांडत. बाहेरच्यांना रांग भरलेली दिसे.

त्या दुपारी मी मिझुएताईचे झगे मांडले. हेआन राजधानीतल्या या राजवाड्यात तिच्यासारखी कविता करणारी दुसरी नव्हती. गेल्या हिवाळ्यात खोकून खोकून गेली बिचारी. जाताना शेवटची कविता तिने सुकेनोरी उमरावांच्या हाती दिली. दरबारात आपल्या नावाने वाचावी, एवढंच मागणं.

"तुझंच नाव घेईन ग, आणखी कुणाचं घेणार?" माझ्यादेखत म्हणाला होता मेला.

दरबारी वाचकाने मिझुएताईची ती कविता गायली. सभा डोलली. मग कवीचं नाव पुकारलं... सुकेनोरी!

माझ्या अंगाची आग झाली. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा!

तेवढ्यात शेजारून, मिझुएताई झग्यांना द्यायची त्या धुपाचा कडवट वास आला. झगे तर मी स्वतः धुऊन वाळवले होते.

सुकेनोरी ऐटीत पडद्यापाशी आला. "अहो, ही बाही ओलीचिंब! रडवलं वाटतं आमच्या कवितेनं?" म्हणत त्याने मिझुएताईचीच बाही उचलली.

त्या बाहीमागून, अगदी हळू, अर्धी कविता आली. उरलेली अर्धी पुरुषाने तिथल्या तिथे जोडायची, अशी रीत. सगळी सभा कान टवकारून बसली. त्याचे ओठ नुसते हलले...

"उमराव भारावलेत," पंच कौतुकाने म्हणाले आणि शाही काव्यसंग्रहात त्याचंच नाव घालायला सांगितलं. वा रे न्याय!

संध्याकाळी मी झगे घेऊन परतत होते, तेव्हा त्याने मला ओसरीवर गाठलं. तोंड पांढरंफटक.

"तिथे... कोण बसली होती?"

"कोणी नाही, महाराज. नुसते झगे होते."

"मग माझं मनगट अजून सोडत का नाही ती?"

"तिचं नाव घ्या चारचौघांत. सोडेल कदाचित."

त्याने ओठ मुडपला. "एका दासीचं नाव? मी?"

हात छातीशी धरून तो तरातरा निघाला. त्याची पावलं फळ्यांवर वाजत गेली, आणि त्यांच्यामागून जड रेशमी झग्यांची सळसळ...

झगे माझ्या हातात होते. घडी घातलेले.