पतंगांची हुडहुडी

"पतंगांना हुडहुडी भरलीय," एवढंच शाल्मली बोलली आणि पस्तावली. पतंग म्हणजे मांजावाले नव्हेत. फुलपाखरांचे भाऊबंद, अंगभर लव असलेले. तिने त्यांना अळीपासून वाढवलं होतं. पण खटपट्याने 'हुडहुडी' हा शब्द ऐकला, आपल्या शब्दकोशात शोधला, 'तापाआधीची थंडी' हा अर्थ सापडताच पतंगांच्या पेटीला कुलूप ठोकलं. आजारी जीव बागेत सोडायचा नाही, हा त्याचा नियम.

खटपट्या हा हिमालयातल्या संशोधन केंद्राचा यंत्रमानव. शाल्मलीची आत्या तिथली शास्त्रज्ञ. वसंत नुकता कुठे डोकावत होता. जर्दाळू फुलला होता, पण गारठ्यात मधमाश्या बाहेर पडायला तयार नव्हत्या. फुलं गळायच्या आत परागीभवन (एका फुलाचे परागकण दुसऱ्यापर्यंत पोहोचणं) झालं नाही, तर यंदा एकही फळ धरणार नव्हतं. सगळी भिस्त पतंगांवर, आणि ते कुलपात.

शाल्मली रडकुंडीला आली. आत्याने तिला जवळ घेतलं, पण कुलूप काही काढून दिलं नाही. खटपट्याला पुरावा लागतो, असं म्हणून तिने उष्णता-कॅमेरा (अंगाची ऊब रंगांत दाखवणारा) तिच्या हाती ठेवला.

पेटीच्या जाळीतून पाहिलं, तर पतंगांचे पंख फडफडत नव्हते, नुसते थरथरत होते. पडद्यावर त्यांची छाती लालभडक दिसली.

"ताप," खटपट्या म्हणाला.

शाल्मली चरकली. मग तिचं लक्ष पोटाकडे गेलं. ते निळं, म्हणजे गारच होतं.

"आत्या, ताप आला की पोटही तापतं ना गं?"

"सगळं अंग तापतं."

"मग हा ताप नाही. हे नुसती छातीच तापवतायत."

आत्या खुलली. पंख हलवणारे स्नायू छातीत असतात, तिने सांगितलं, आणि गार स्नायू नीट काम करत नाहीत. म्हणून पतंग पंख उचलणारे आणि खाली ओढणारे स्नायू एकदमच आवळतो. दोघांच्या ओढाताणीत पंख जेमतेम थरथरतात, पण त्या मेहनतीची ऊब छातीत साठते. दाट लव ती स्वेटरसारखी धरून ठेवते.

खटपट्याने पडदा पुन्हा निरखला.

"मीही रोज सकाळी घरघरतो," तो म्हणाला. "बॅटरी तापेपर्यंत. मी आजारी नसतो."

त्याने कुलूप काढलं. संध्याकाळच्या गारठ्यात पहिला पतंग थरथरला आणि थेट जर्दाळूच्या फुलावर जाऊन बसला. शाल्मलीला हसू आवरेना. उन्हाळ्यातलं पहिलं फळ कुणी खायचं, यावर ती आणि आत्या तिथेच भांडू लागल्या.

खटपट्याने तेवढ्यात शब्दकोशात हुडहुडीपुढे आणखी एक अर्थ लिहून टाकला: 'उडण्याची तयारी'.