बंपरवरचा करकोचा

"माझे वडील पळाले नव्हते," शिंपीण दारातूनच म्हणाली. "आणि तो पक्षी मी काढत नाही."

मावशीने तिला आधी खुर्ची दिली, मग पाणी. तपासनीस म्हणून मावशीला ओळखणारे थोडे. बाकीच्यांच्या लेखी ती नुसती मावशी, जिच्यापुढे खोटं टिकत नाही. तिचा भाचा वकील होता. कोर्टात त्याचं काही चालत नसे, म्हणून तो मावशीच्या मागे चालत असे.

"कुठला पक्षी?" भाच्याने विचारलं.

"करकोचा. वडिलांच्या तुकडीची खूण. लढाईच्या वेळी घाटात धुकं होतं, त्यात ते ट्रकसकट नाहीसे झाले. मागच्या गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, माझ्या डोळ्यांदेखत त्याने गाडी आडवाटेला घातली आणि पळाला. झालं. तेव्हापासून आई पळपुट्याची बायको आणि मी पळपुट्याची पोर." ती हातातल्या पिशवीचा बंद पिळत राहिली. "यंदा दरीत ट्रक सापडला. वाटलं, आता तरी लोकांची तोंडं बंद होतील. तर म्हणे, पळताना पडला."

तो ट्रक एका छांदिष्ट माणसाने उचलून आणला होता, पत्रा-पत्रा जोडून उभा केला होता. परवा तो स्मारकाच्या दगडाशेजारी उभा राहायचा होता. ज्या गाडीवर तुकडीची खूण, तिच्या ड्रायव्हरचं नाव दगडावर, असा जुन्या ड्रायव्हरांच्या मंडळाचा नियम होता. आणि या गाडीवर खूण मारायची नाही, असं मंडळाने ठरवलं होतं.

"मंडळाने म्हणजे?"

"तात्यांनी. ते अध्यक्ष आहेत. मागच्या गाडीचे ड्रायव्हर तेच." शिंपीण खाली बघत म्हणाली, "पण आता पहाटे धुकं पडलं की कोऱ्या बंपरवर करकोचा उमटतो. ऊन आलं की जातो. लोक म्हणतात, हीच काहीतरी करते. ट्रकचं ताडपत्रीचं छत मी शिवतेय, शेडची एक किल्ली माझ्याकडे असते. हे थांबलं नाही तर ट्रकच नको म्हणतील. मग नावाचा विषय कायमचा संपला."

"आई काय म्हणते?"

"आई गेली. जाईपर्यंत एकच गुणगुणायची. धुकं आलं दारी, धुक्याला ना दार, धन्याचा गं दिवा, गेला कुण्या पार."

भाचा अस्वस्थ झाला. मावशीने चपला शोधायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे शेडच्या अंगणात हाताला हात दिसत नव्हता. धुकं भिंतीवरून उतरत होतं, उघड्या दारातून आत शिरत होतं, ट्रकच्या चाकांशी बसत होतं. गाडी नुसती उभी नव्हती, कान देऊन उभी असल्यासारखी होती. पुढे रिकाम्या डब्यावर एक म्हातारा बसला होता.

"तात्या," शिंपीण हळूच म्हणाली. "रोज सगळ्यांच्या आधी येऊन शेड उघडतात. इंजिनला जाग आणायला."

मावशी बंपरपाशी वाकली. दवाने पत्रा पांढुरका झाला होता. त्या पांढुरक्यात मधोमध काळसर, स्वच्छ, एका पायावर उभा करकोचा. समोरून पाहणाऱ्याच्या उजव्या हाताला चोच. डोळ्याच्या जागी पूर्ण, गोल ठिपका. एखाद्याने पलीकडून काचेला तोंड लावून पाहावं, तसा तो पाहत होता.

भाच्याने नकळत मावशीचा पदर धरला.

"सोड. फाटेल."

कोवळं ऊन आलं. पत्रा सुकू लागला. आधी चोच गेली, मग मान, मग पंख. तो एक पाय तेवढा बराच वेळ उभा होता. मग तोही गेला, आणि उरला नुसता हिरवा, कोरा बंपर.

मावशीने त्या जागेवर बोट फिरवलं आणि हुंगलं.

पेंटर आला तो कुरकुरतच. "बाई, तीस वर्षं ब्रश धरलाय, पण असं पाहिलं नाही. या जागी रंग धरतच नाही. हात मारला की फाटतो, बारीक बारीक डोळे पडतात त्यात. पोरं म्हणतात, गाडीलाच कोरं राहायचं नाहीये."

"तुम्ही काढलेला नाही ना पक्षी?"

"मी काढला असता तर स्टेन्सिलने काढला असता." त्याने पुठ्ठ्याचा कापलेला करकोचा दाखवला. "मालकांनी गंज उतरवला तेव्हा मूळ खुणेचा डाग दिसला. त्यावर कागद ठेवून आम्ही ती उतरवून घेतली. डोळा बघा. मधे पुठ्ठ्याची पट्टी सोडावी लागते, नाहीतर डोळ्याचा गोळा गळून पडतो. म्हणून रंगात तिथे फट राहते. मूळ खुणेतही होती."

पुठ्ठ्यातल्या करकोच्याची चोच डावीकडे होती.

"स्टेन्सिल उलटं धरलं तर चोच उजवीकडे येईल," भाचा म्हणाला. आपण काहीतरी शोधलं याचा त्याला आनंद झाला.

"येईल. पण डोळ्यातली फट कुठे जाईल, वकीलसाहेब?" मावशी म्हणाली.

ट्रकचा मालक जाडजूड, हातांना सदा ग्रीस. "मला खूण हवीच आहे," तो म्हणाला. "खुणेशिवाय ट्रक म्हणजे कपाळ नसलेला माणूस. पण तात्यांचा शब्द कोण मोडणार? त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय."

"उतरवलेली खूण कुणाकुणाकडे आहे?"

"मी, पेंटर आणि ही. हिने एक प्रत मागून घेतली, उशाशी ठेवते म्हणे. तात्या आले तेव्हा बंपरवर अस्तर चढलं होतं. दाखवू का विचारलं, तर म्हणाले, मला नको दाखवू."

चहा आला. वाफेने भाच्याचा चष्मा आंधळा झाला. समोर तात्याही चष्म्यातूनच चहा फुंकत होते, पण त्यांची काच लख्ख होती.

"हा घे," तात्यांनी खिशातून साबणाची झिजलेली वडी काढली. "कोरडी फिरवायची, मग पुसून टाकायची. काच धुकं धरत नाही. घाटात आम्ही आरशांनाही हेच करायचो. कॉलेजात शिकवत नाहीत वाटतं?"

"घाटात किती गाड्या होत्या, तात्या?" मावशीने विचारलं.

"ताफा पुढे गेला होता. मागे राहिलो आम्ही दोघंच. तो पुढे, मी मागे."

"हा करकोचा तुमच्याही गाडीवर होता?"

"छे. माझी तुकडी वेगळी. तो त्या दिवसापुरता आमच्यात आलेला. मला काय ठाऊक त्याचा पक्षी? पाखरू पुढच्या बंपरवर असतं. मागून येणाऱ्याला दिसते ती मागची फळी आणि तिच्यावरचा आकडा." त्यांनी कप खाली ठेवला.

परतीच्या वाटेवर भाचा तापला होता. "मावशी, उघड आहे. तू बोट हुंगलंस, साबण लागला ना? शिंपी कापडावर खूण कशाने करतात? साबणाच्या वडीने. तिच्या पिशवीत मी पाहिली. किल्ली आहे, कारणही आहे. बिचारी आहे, पण तिनेच केलंय."

"साबण बरोबर," मावशी म्हणाली. "बाकी तुझं नेहमीसारखंच. उद्या पहाटे सगळ्यांना बोलाव. आणि पेंटरला म्हणावं, पांढऱ्या रंगाचा डबा आण."

सकाळी पुन्हा धुकं होतं. मावशीच्या सांगण्यावरून पेंटरने सगळ्यांच्या आधी येऊन बंपर सोड्याने धुतला होता, सुकवला होता, आणि स्टेन्सिल ठेवून पांढरा करकोचा मारला होता. सगळे गोळा झाले. तात्या काठी टेकत आले, बंपर पाहिला आणि थबकले.

"कुणाच्या परवानगीने?" मग त्यांची मान तिरकी झाली. "आणि मारायचाच होता तर नीट तरी मारायचा. तोंड चुकलंय त्याचं."

धुकं दारातून आत येत राहिलं.

"कुठे हवं होतं तोंड?" मावशीने विचारलं.

तात्यांचा उजवा हात उजवीकडे उठला आणि अर्ध्यातच थांबला.

"तुम्ही तर फळी पाहिली होती, तात्या."

भाच्याचं तोंड उघडं पडलं.

"बसा," मावशीने रिकामा डबा पुढे सरकवला. "ज्याने साबणाच्या बोटाने पक्षी काढला, त्याने हातानेच काढला, डोळ्यात फट नव्हती. साबण लागलेल्या जागी दवाचे थेंब धरत नाहीत, म्हणून तेवढा पक्षी स्वच्छ दिसायचा. त्याच साबणावर पेंटरचा रंग फाटायचा. साबण शिंपिणीकडेही होता. पण तिच्या उशाशी खरी खूण आहे. ज्या बाईचा हात बाहीची उलट-सुलट बाजू अंधारातही चुकत नाही, ती बापाच्या पाखराचं तोंड फिरवील? पेंटर आणि मालक यांच्याकडेही खरी खूण. चोच चुकवणार तोच, ज्याने कागद पाहिला नाही, पण पक्षी पाहिला आहे."

"पण मग उलटा कसा पाहिला?" भाच्याने विचारलं.

मावशीने ट्रकचा बाजूचा आरसा वळवला आणि हातातला पुठ्ठा त्याच्यासमोर धरला. आरशातल्या करकोच्याची चोच उजवीकडे होती.

"अक्षर उलटं दिसलं की मन ते सरळ करून घेतं. पाखराला सरळ-उलट नसतं. दिसलं तसंच मनात बसतं. समोरचा बंपर आरशात कुणाला दिसतो? जो पुढे असतो त्याला." तिचा आवाज खाली आला. "तुम्ही मागे नव्हता, तात्या. पुढे होता. आरशाला साबण लावलेला होता. तुम्हाला सगळं दिसलं."

तात्या डब्यावर टेकले.

"माझ्या शेपटाला त्याचं नाक लावून चाललो होतो," ते म्हणाले. "दिवसभर आरशात तेवढंच. पांढरं पाखरू, आणि धुकं. मग त्याच्या चाकाखालची कडा सुटली. दिवे तिरके झाले. चाकं लोंबत होती, पण गाडी अडकून होती. दोर माझ्याकडे होता. मागचा थांबला तर थांबायचं, असा हुकूम होता." त्यांनी ओठ पुसले. "मी नाही थांबलो. खाली पोचल्यावर विचारलं, तो कुठाय. तोंडातून निघून गेलं, मी मागे होतो, तो वळला. एकदा निघालेला शब्द परत गिळता येत नाही, पोरी."

"मग पक्षी कशाला काढलात?" मालक म्हणाला. त्याच्या आवाजात राग होता.

"गाडी कोरी बघवेना. वाटलं, भुताखेताचं म्हणून का होईना, लोक खूण मारतील." ते मावशीकडे वळले. "खूण हवी होती. साक्ष द्यायची छाती नव्हती."

शिंपीण इतका वेळ उभीच होती. ती पुढे आली.

"हॉर्न वाजवत होते का?"

तात्यांनी डोळे मिटले. "वाजवत होता. वळणाच्या खालीपर्यंत ऐकू येत होता."

तिने मान हलवली, जशी एखादी माप लिहून घेताना हलवते. भाच्याला वाटलं, आता ती रडेल. ती रडली नाही.

"आज दगडापाशी लोक जमतील," ती म्हणाली. "तिथे हेच बोलायचं. असंच, हॉर्नसकट. माझ्या वडिलांचं नाव घेऊन."

तात्या गोंधळले. चष्मा काढून त्यांनी तो हातात धरला.

"नाव..." ते म्हणाले. "आम्ही त्याला त्या दिवसापुरताच ओळखत होतो. नंतर तर सगळे नुसतं पळपुट्याच म्हणायचे. मला त्याचं नाव ठाऊक नाही, पोरी."

शिंपिणीने नाव सांगितलं. वडिलांचं स्वतःचं, आजोबांचं, आडनावासकट.

तात्यांनी ते मागोमाग म्हटलं. आडनावावर जीभ अडखळली.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यांनी पुन्हा म्हटलं.